सिंग्युलॅरिटीचा अभ्यास नेमका करतात कसा? (प्रमेये, संगणक आणि सिद्धांताची हद्द)

सह्यकडा (धागाकर्ता)

कृष्णविवरांवर मराठीत बरंच लिहिलं जातं, पण बहुतेक लेख "केंद्राशी घनता अनंत होते आणि भौतिकीचे नियम कोलमडतात" या वाक्यापाशी थांबतात. अभ्यासकांचं काम तिथून पुढे सुरू होतं. कोलमडतात म्हणजे कोणतं समीकरण, कुठे, कोणत्या अटींवर? या धाग्यात तेवढंच बोलूया, आणि आकड्यांसकट.

सुरुवात मी करतो. खरी सिंग्युलॅरिटी (जिथे अवकाशकालाचं वर्णनच संपतं) आणि सहनिर्देशकांचा दोष (जागा-काळ मोजायला निवडलेल्या अंकपद्धतीचा दोष) वेगळे कसे काढायचे?

श्वार्झशिल्डच्या १९१६च्या उकलीत (न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या) दोन जागी भागाकारात शून्य येतं: एक त्रिज्या शून्य असताना, दुसरं श्वार्झशिल्ड त्रिज्येवर, म्हणजे क्षितिजावर, ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही (सूर्याएवढ्या वस्तुमानाला २.९५ किलोमीटर). दुसऱ्या जागेबद्दल पुढची कित्येक वर्षं गोंधळ होता. निवाडा करायला अशी राशी लागते जी सहनिर्देशक बदलले तरी बदलत नाही. रिची अदिश (वक्रतेचं एका संख्येतलं माप) इथे कामाचा नाही, कारण निर्वातात तो सगळीकडे शून्यच असतो. म्हणून रीमान टेन्सरचा (पूर्ण वक्रता सांगणाऱ्या राशीचा) वर्ग, म्हणजे क्रेचमन अदिश काढतात:

क्रेचमन = १२ × (श्वार्झशिल्ड त्रिज्या)^२ ÷ (त्रिज्या)^६

क्षितिजावर याची किंमत १२ ÷ (श्वार्झशिल्ड त्रिज्या)^४ एवढीच राहते. सूर्याच्या वस्तुमानाला ती साधारण १.६ × १०^-१३ प्रति मीटर^४ येते, तर आकाशगंगेच्या मध्यावरच्या ४३ लाख सूर्यांएवढ्या कृष्णविवराला ४.६ × १०^-४० च्या आसपास. म्हणजे मोठ्या कृष्णविवराच्या क्षितिजावर वक्रता जवळपास नाहीच. तिथला दोष फक्त सहनिर्देशकांचा. लमेत्रने हे १९३३मध्ये दाखवलं होतं. फिंकेलस्टाइन (१९५८) आणि क्रुस्कल (१९६०) यांच्या सहनिर्देशकांनंतर ते सर्वमान्य झालं. त्रिज्या शून्याकडे गेली की मात्र क्रेचमन खरोखर अनंताकडे जातो.

एक सावधगिरी. अदिश सांत आले म्हणजे सगळं आलबेल, असं मानू नका. समतल गुरुत्वीय लहरींच्या उकलींमध्ये वक्रतेचे असे सगळे अदिश शून्य असतात, तरीही भरतीचं बल (वस्तूला ताणणारं-दाबणारं) अनंत होऊ शकतं. म्हणून पडणाऱ्या निरीक्षकासोबत समांतर नेलेल्या चौकटीत रीमानचे घटक काढून पाहणं ही दुसरी पायरी. ती गाळली तर निष्कर्ष अर्धवट राहतो.

भूमितीवेडी

चांगला विषय. व्याख्येबद्दल भर घालते, कारण बहुतेक गैरसमज तिथेच होतात.

सिंग्युलॅरिटी प्रमेयांमध्ये "घनता अनंत" हे शब्द येतच नाहीत. तिथली कसोटी अशी: मुक्तपणे पडणाऱ्या कणाचा किंवा प्रकाशकिरणाचा मार्ग, म्हणजे जिओडेसिक, मर्यादित लांबीत संपतो आणि पुढे वाढवता येत नाही. पेनरोजने १९६५मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समधल्या छोट्याशा शोधनिबंधात हे सिद्ध केलं. अटी तीन: ऊर्जा प्रकाशकिरणांना पसरवत नाही (शून्य ऊर्जा अट), सुरुवातीचा अवकाश अनंत पसरलेला आहे, आणि कुठेतरी एक बंदिस्त पृष्ठ तयार झालं आहे. बंदिस्त पृष्ठ म्हणजे असं पृष्ठ की त्यावरून बाहेरच्या दिशेने सोडलेल्या किरणांचाही छेद लहानच होत जातो.

यातलं मुख्य यंत्र म्हणजे अमलकुमार रायचौधुरींचं १९५५चं समीकरण. त्याच्या किरणांसाठीच्या रूपात किरणांच्या झोताचा प्रसरण-दर एकदा ऋण झाला की त्याच्या अंकमूल्याने २ला भागून जी लांबी येते, तेवढ्या अंतराच्या आत झोत एकवटतो. इथे विद्यार्थी हमखास अडखळतात. झोत एकवटला म्हणजे सिंग्युलॅरिटी झाली असं नाही. भिंगाच्या नाभीपाशीही किरण एकवटतात. रायचौधुरी समीकरण तेवढंच सांगतं. पुढची झेप पेनरोजची आहे: सगळेच किरण एकवटले तर बंदिस्त पृष्ठाच्या भविष्याची सीमा सांत आणि बंद होते. ती सुरुवातीच्या अनंत अवकाशात बसवता येत नाही. म्हणून कुठला तरी किरण एकवटण्याआधीच संपलेला असला पाहिजे.

किरण का संपला, वक्रता अनंत झाली का, हे प्रमेय सांगत नाही. फिरत्या कृष्णविवराच्या केर उकलीत तर आतल्या कोशी क्षितिजापाशी (ज्यापलीकडचं सुरुवातीच्या माहितीवरून ठरत नाही) वक्रता सांत असतानाच भाकीत करण्याची क्षमता संपते.

निरंक

पण शून्य ऊर्जा अट क्वांटम क्षेत्रं मोडतात ना? कॅसिमिर परिणामात, हॉकिंग उत्सर्जनात. मग प्रमेयाचा उपयोग काय उरला?

भूमितीवेडी

@निरंक, उपयोग तिथेच आहे. सिंग्युलॅरिटी टाळायची असेल तर तीनपैकी कोणती अट मोडायची हे प्रत्येक पर्यायी सिद्धांताला उघडपणे सांगावं लागतं. हॉइल आणि जयंत नारळीकर यांच्या सी-क्षेत्राचं (नवं द्रव्य निर्माण करणाऱ्या क्षेत्राचं) उदाहरण घ्या. त्या क्षेत्राची ऊर्जा ऋण आहे, त्यामुळे विश्वाला लागू होणाऱ्या प्रमेयातली ऊर्जेची अट मोडते आणि महास्फोटाची सिंग्युलॅरिटी टळते. तो सिद्धांत पटो न पटो, हिशोब स्वच्छ आहे. ऊर्जेची अट न मोडता टाळली असं कुणी म्हणत असेल, तर बाकीच्या अटींपैकी कोणती सोडली हे आधी विचारावं.

ग्रिडवाला

संगणकाच्या बाजूने लिहितो.

आइन्स्टाइन समीकरणं संगणकावर सोडवताना अवकाशकालाचे त्रिमितीय काप करतात आणि एका कापावरून पुढच्यावर जातात. दोन गोष्टी आपल्या हातात असतात. लॅप्स: प्रत्येक बिंदूवर काळ किती पुढे न्यायचा. शिफ्ट: ग्रिडचे बिंदू किती सरकवायचे.

नवीन कोड लिहिला की पहिली चाचणी अशी: श्वार्झशिल्डचा सममित काप घ्या, लॅप्स सगळीकडे १, शिफ्ट ० ठेवा. मधल्या गळ्याच्या (दोन बाजू जोडणाऱ्या) जागेवरचा निरीक्षक π × वस्तुमान एवढ्या काळात, भौमितिक एककांत म्हणजे वस्तुमान काळात किंवा लांबीत मोजून, (सूर्याच्या वस्तुमानाला १५.५ मायक्रोसेकंद) सिंग्युलॅरिटीवर पोचतो. कोड नेमका त्या वेळी पडला पाहिजे. आधी पडला तर दोष, आणि त्यानंतरही चालत राहिला तर जास्त मोठा दोष.

प्रत्यक्ष कामात मात्र सिंग्युलॅरिटी टाळणारे काप घेतात. "वन प्लस लॉग" नियमात लॅप्सचा बदल = −२ × लॅप्स × बाह्य वक्रतेचा ट्रेस (कापाचं आकारमान किती वेगाने आक्रसतं त्याचं माप). जिथे आकारमान आक्रसतंय तिथे लॅप्स झपाट्याने शून्याकडे जातो आणि काळ गोठतो. कृष्णविवर स्थिरावल्यावर हे काप १.३१ × वस्तुमान एवढ्या त्रिज्येपाशी थांबतात (क्षितिज २ वर, भौमितिक एककांत). मॅक्सिमल कापांत (ज्यांत हा ट्रेस शून्य ठेवतात) ती त्रिज्या १.५ असते. म्हणजे दोन कृष्णविवरांच्या टकरीच्या ज्या आकृत्या आपण बघतो, त्यांत सिंग्युलॅरिटी गणितातच नसते. ग्रिड तिथवर जातच नाही.

कुठे बिघडतं:

मूळ एडीएम समीकरणं (कापांच्या भाषेत लिहिलेली आइन्स्टाइन समीकरणं) जशीच्या तशी घातली की ग्रिड बारीक करावं तसा कोड लवकर पडतो. हे लक्षण दिसलं की दोष प्रोग्रामचा नसून समीकरणांच्या मांडणीचा असतो. ती फक्त दुर्बल हायपरबोलिक आहेत, म्हणजे बारीक लहरींची वाढ त्यांत आवरली जात नाही. उपाय म्हणजे तीच समीकरणं वेगळ्या रूपात लिहिणारी बीएसएसएन मांडणी किंवा हार्मोनिक मांडणी. प्रिटोरियसने २००५मध्ये दुसऱ्या वाटेने पहिली पूर्ण टक्कर चालवली, आणि लगोलग ब्राउन्सव्हिल आणि नासा गोडार्ड इथल्या दोन गटांनी सरकत्या पंक्चरची पद्धत दिली (पंक्चर म्हणजे ग्रिडवर कृष्णविवराचा आतला भाग दाखवणारा बिंदू).

शिफ्ट शून्य ठेवली की ग्रिडचे बिंदू कृष्णविवरात पडत राहतात, क्षितिजापाशी मेट्रिक (अंतर मोजण्याचा नियम) ताणलं जातं आणि उतार इतका तीव्र होतो की विकलकं चुकतात. गॅमा-ड्रायव्हर शिफ्टने (ताण दिसेल तसे बिंदू सरकवणाऱ्या नियमाने) हे सुटतं, पण त्यातला मंदन-गुणांक बाहेरच्या जाड ग्रिडवर तसाच ठेवला तर तिथला मोठा कालटप्पा अस्थिर होतो. बाहेर जाताना तो गुणांक कमी करत न्यावा लागतो.

पंक्चर ग्रिडच्या बिंदूवर येऊ देऊ नये, अर्ध्या खान्याने सरकवून ठेवावं. तिथे कन्फॉर्मल घटक (मेट्रिकचं माप ठरवणारा गुणक) शून्याला टेकतो आणि आकडेमोडीच्या त्रुटीने ऋण होऊ शकतो; त्याला छोटा धन तळ द्यावा.

आणि खात्री कशी करायची? खाना, अर्धा खाना, पाव खाना अशा तीन ग्रिडवर तेच चालवा. चौथ्या कोटीच्या पद्धतीत लागोपाठच्या फरकांचं गुणोत्तर १६ यायला हवं. पंक्चरजवळ ते येणार नाही, कारण तिथे फलन गुळगुळीत नाही. क्षितिजाबाहेर आलं पाहिजे. तिथेही नसेल तर निकाल छापू नये.

निरंक

मग सिंग्युलॅरिटीचा अभ्यास संगणकावर होतच नाही असं म्हणायचं का?

ग्रिडवाला

होतो, पण उलट मार्गाने. मुद्दाम तिच्याकडे जाणारे काप घेतात आणि काळाऐवजी त्याचा लॉगॅरिदम चल म्हणून वापरतात, म्हणजे शेवटचा क्षण अनंत टप्प्यांवर ढकलला जातो. गारफिंकलने २००४मध्ये कोणतीही सममिती न घेता असं काम केलं आणि बेलिन्स्की, खलात्निकोव्ह, लिफशिट्झ यांचं चित्र बरंचसं तसंच दिसलं: प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांपासून तुटतो आणि स्वतंत्रपणे हेलकावे खातो. एका टप्प्यात तीन दिशांचे घातांक (ती दिशा काळाच्या कितव्या घाताने बदलते) असे असतात की त्यांची बेरीज १ आणि वर्गांची बेरीजही १. उदाहरणार्थ −२/७, ३/७, ६/७. एक घातांक ऋण, म्हणजे दोन दिशा आक्रसतात आणि एक ताणली जाते. मग भूमिका बदलतात. हा बदल एका संख्येने चालतो: ती २ किंवा जास्त असेल तर १ वजा करा, १ आणि २ च्या मध्ये असेल तर १ वजा करून व्यस्त घ्या. ३.७ पासून निघा: २.७, १.७, १.४२८६, २.३३३... प्रत्येक व्यस्ताला सुरुवातीच्या संख्येतली त्रुटी फुगते, म्हणून लांब पल्ल्याचं भाकीत इथे अंकांच्या तुटवड्याने थांबतं.

दोन_घात

अंकांच्या तुटवड्यावरून चॉप्टविकचं १९९३चं काम आठवतं. या विषयातला सगळ्यात सुंदर आकडेमोडीचा प्रयोग तोच, आणि साध्या लॅपटॉपवर करता येतो कारण गोलीय सममिती असल्याने एकच अवकाश-मिती उरते.

वस्तुमानरहित अदिश क्षेत्राचा एक गोलाकार स्पंद आत सोडायचा. त्याची उंची हा एकच खुंटा. उंची कमी असेल तर स्पंद मध्यातून जाऊन विखुरतो, जास्त असेल तर कृष्णविवर होतं (२ × वस्तुमान ÷ त्रिज्या ही राशी १ कडे सरकते). दोन्हींच्या मधोमध उंची घ्या, निकाल बघा, पुन्हा मध्य घ्या. ५० वेळा दुभागलं की डबल प्रिसिजनची (१५-१६ अंकांच्या अचूकतेची) हद्द येते.

उंबरठ्याच्या किंचित वर कृष्णविवराचं वस्तुमान = स्थिरांक × (उंबरठ्यापासूनचं अंतर)^०.३७४. स्पंदाचा आकार कोणताही घ्या, घातांक तोच. उंबरठ्याजवळ क्षेत्र स्वतःचीच लहान प्रत पुन्हा पुन्हा काढतं, दर वेळी सुमारे ३१ पटीने छोटी (या पटीचा नैसर्गिक लॉगॅरिदम, डेल्टा = ३.४४).

करताना दोन गोष्टी अडवतात. पहिली, सगळीकडे सारखं ग्रिड पुरत नाही. तीन प्रती पाहायच्या तर ३१चा घन, म्हणजे जवळपास ३०,००० पट बारीक खाना मध्यापाशी हवा. म्हणून गरजेप्रमाणे ग्रिड बारीक करणारी बर्गर-ऑलिगर पद्धत. दुसरी, प्रत्येक नव्या प्रतीसाठी उंचीचे चार दशांश अंक खर्च होतात (३.४४ ÷ ०.३७४ = ९.२, आणि ई चा ९.२ वा घात सुमारे १०,०००). १५-१६ अंकांत तीन-चार प्रतींपलीकडे जाता येत नाही. जास्त हव्या असतील तर क्वाड प्रिसिजन.

घातांक काढताना होणारी चूकही सांगतो: लॉग-लॉग आलेख नुसती सरळ रेषा नसतो, तिच्यावर ४.६ आवर्तनाची बारीक लहर असते (डेल्टा ÷ दुप्पट घातांक). एका आवर्तनापेक्षा कमी टप्प्यावर रेषा बसवली तर ०.३५ किंवा ०.४० असं काहीही येतं.

नेमक्या उंबरठ्यावर उघडी, म्हणजे क्षितिजाने न झाकलेली, सिंग्युलॅरिटी तयार होते. याच धर्तीच्या निकालांमुळे हॉकिंगने प्रेस्किल आणि थॉर्न यांच्याशी उघडी सिंग्युलॅरिटी होत नाही अशी लावलेली पैज हरल्याचं १९९७मध्ये मान्य केलं, आणि "सर्वसाधारण सुरुवातीतून" हा शब्दप्रयोग घालून नवी लावली. त्याला आधारही आहे: अशा क्षेत्रात उघडी सिंग्युलॅरिटी अस्थिर असते हे ख्रिस्तोडूलूने १९९९मध्ये सिद्ध केलं.

सह्यकडा

उघड्या सिंग्युलॅरिटीचा विषय निघाला आहे तर कागद-पेन्सिलीने होणारं गणित इथे ठेवतो. या विषयात भारतातलं काम मोलाचं आहे. प्रल्हाद चुनीलाल वैद्य बनारसला विष्णु वासुदेव नारळीकरांकडे (मूळचे कोल्हापूरचे) काम करत असताना १९४३मध्ये त्यांनी प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचं मेट्रिक दिलं. तेच उलटं फिरवलं की आत पडणाऱ्या प्रारणाचं मेट्रिक मिळतं. पुढे मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) पंकज जोशी आणि सहकाऱ्यांनी धुळीच्या ढगांच्या कोसळण्यावर याच जातीचं विश्लेषण फार खोलवर नेलं.

वस्तुमान काळाच्या समप्रमाणात वाढतंय असं धरा: वस्तुमान = ल × व, इथे व म्हणजे आत येणाऱ्या किरणाचा काळ. बाहेर निघणाऱ्या किरणासाठी त्रिज्येचा व-सापेक्ष दर = ½ × (१ − २लव ÷ त्रिज्या). आता क्ष = व ÷ त्रिज्या घ्या आणि मध्याकडे क्ष स्थिर राहतो असं माना. मग दर = १ ÷ क्ष. सरळ केलं की

२ल·क्ष² − क्ष + २ = ०

वास्तव मूळ असण्यासाठी १ − १६ल ऋण नसावं, म्हणजे ल ≤ १/१६. तेवढ्यात वस्तुमान हळू वाढत असेल तर मध्यातून एक किरण बाहेर सुटतो आणि सिंग्युलॅरिटी उघडी पडते. नेहमीच्या एककांत ही मर्यादा सेकंदाला सुमारे १२,७०० सूर्य एवढी येते, त्यामुळे "हळू" हा शब्द जपून वाचावा.

धुळीच्या ढगात हाच प्रश्न घनतेच्या उतारावर येतो. घनता एकसारखी असेल तर सगळे थर एकाच क्षणी कोसळतात आणि सगळं झाकलं जातं (दत्त १९३८, ओपेनहायमर-स्नायडर १९३९). मध्याशी जास्त आणि बाहेर विरळ असेल तर थर वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि मधल्या फटीतून किरण निसटू शकतो. माझ्या मते यातला कच्चा दुवा दाब आहे. धुळीला दाब नसतो, आणि शेवटच्या टप्प्यात दाब नाही हे गृहीतक सगळ्यात कमी भरवशाचं.

अवकाशयात्री

निरीक्षणाबद्दल थोडक्यात. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने एम८७ दीर्घिकेच्या मध्यावरच्या कृष्णविवराभोवतीच्या कड्याचा व्यास ४२ ± ३ मायक्रोआर्कसेकंद मोजला (२०१९). हा कडा प्रकाशगोलाच्या (जिथे प्रकाश कृष्णविवराभोवती फिरू शकतो) परिसरातून येतो आणि तो क्षितिजाबाहेर असतो. त्यामुळे ज्या उघड्या सिंग्युलॅरिटीच्या प्रतिकृतींना प्रकाशगोल आहे त्यांचीही सावली तशीच दिसते. फक्त प्रतिमेवरून त्या बाद करता येत नाहीत. गुरुत्वीय लहरींत विलीनीकरणानंतरचा शेवटचा घणघणाट (पहिल्या घटनेत सुमारे २५० हर्ट्झ, ४ मिलिसेकंदांत विरणारा) याच भागाची माहिती देतो. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याजवळची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहिली की आकाशातली दिशा जास्त नेमकी कळेल, पण क्षितिजाच्या आतलं तिच्यातूनही दिसणार नाही.

निरंक

म्हणजे आतला भाग फक्त सिद्धांतावर. मग सिद्धांत कुठपर्यंत वापरायचा? प्लँक लांबी (जिथे क्वांटम गुरुत्व महत्त्वाचं ठरतं), १.६ × १०^-३५ मीटर त्रिज्येपर्यंत, बरोबर?

दोन_घात

नाही, त्याच्या फार आधी थांबावं लागतं. निर्णय वक्रतेवर घ्यायचा. धागाकर्त्यांनी दिलेला क्रेचमन १ ÷ (प्लँक लांबी)^४ एवढा कधी होतो ते काढा:

(त्रिज्या)^६ = १२ × (श्वार्झशिल्ड त्रिज्या)^२ × (प्लँक लांबी)^४

सूर्याच्या वस्तुमानाला १.४ × १०^-२२ मीटर. प्लँक लांबीच्या जवळपास ९ लाख कोटी पट मोठी त्रिज्या. आकाशगंगेच्या मध्यावरच्याला, वस्तुमानाच्या घनमुळाने वाढून, २.३ × १०^-२० मीटर. विश्वाच्या बाबतीत लूप क्वांटम कॉस्मॉलॉजीवालेही (विश्वाला क्वांटम गुरुत्व लावणारे) अशीच राशी वापरतात. लांबीऐवजी घनता धरतात: अशोक अष्टेकर (आपल्या शिरपूरचे), पाव्लोव्स्की आणि सिंग यांच्या २००६च्या कामातून पुढे नेलेल्या गणितात प्लँक घनतेच्या ०.४१ पटीला, म्हणजे सुमारे २ × १०^९६ किलो प्रति घनमीटरला, विश्वाचं आकुंचन उलटून प्रसरण सुरू होतं. तो ०.४१ त्यांच्या सिद्धांतातल्या एका अनिश्चित स्थिरांकावर अवलंबून आहे, त्यामुळे दुसरा अंक फार मनावर घेऊ नये.

भूमितीवेडी

एक जोडते, कारण १.४ × १०^-२२ मीटर वाचून ते केंद्रापासूनचं अंतर वाटेल. क्षितिजाच्या आत त्रिज्या हे अंतर उरत नाही. तिथे ती काळासारखी वागते आणि फक्त गोलाचं क्षेत्रफळ सांगते. म्हणून "सिंग्युलॅरिटीला अजून किती काळ उरला" असं विचारणं जास्त योग्य. अनंतावरून स्थिर अवस्थेतून पडणाऱ्या निरीक्षकासाठी (त्रिज्या)^३ = ९/४ × श्वार्झशिल्ड त्रिज्या × (प्रकाशवेग × उरलेला काळ)^२. हे क्रेचमनमध्ये घाला:

क्रेचमन = ६४/२७ ÷ (प्रकाशवेग × उरलेला काळ)^४

वस्तुमान पूर्णपणे गळून पडलं. प्लँक वक्रता येते तेव्हा उरलेला काळ १.२४ प्लँक काळ, म्हणजे ६.७ × १०^-४४ सेकंद, सूर्याएवढं कृष्णविवर असो की त्याच्या ४३ लाख पट. निरंक, तुम्ही म्हणता ती प्लँकची हद्द इथे आहे, फक्त ती घड्याळावर वाचायची आहे.

निरंक

हे वस्तुमान गळणं फिरत्या कृष्णविवरातही टिकतं का?

भूमितीवेडी

नाही. तिथे आत कोशी क्षितिज आधी येतं. पॉइसन आणि इझ्रायल यांनी १९९०च्या सुमारास भारित कृष्णविवरावर दाखवलं की बाहेरून आत पडणारं क्षीण प्रारण तिथे प्रचंड निळं सरकतं आणि आतलं परिणामी वस्तुमान घातांकीय वेगाने फुगतं. तेव्हा उरलेला काळ बाहेरच्या जुन्या प्रारणाच्या शेपटीवरही ठरतो. डाफेर्मोस आणि लुक यांच्या २०१७च्या कामानुसार केरमध्ये मेट्रिक तिथे सलग राहतं, फक्त त्याची विकलकं फुटण्याची अपेक्षा आहे. म्हणजे पडणारी वस्तू चिरडली जाईलच असं त्यावरून म्हणता येत नाही. त्यावर वेगळा धागा काढूया, तिथे शून्य कोटीची सलगता आणि वर्ग-समाकलनीय विकलकं यांतला फरक आधी मांडावा लागेल.